गॅस गळला नव्हता: घरातल्या कार्बन मोनॉक्साइडपासून सांभाळायचं कसं

नरक चतुर्दशीची पहाट. पाहुणे धरून घरात सात माणसं आणि बाथरूम एक. पाच वाजता बाबांपासून सुरुवात झाली. सगळ्यांना उटणं लावून, पोरांच्या अंघोळी उरकून वहिनी सगळ्यांत शेवटी आत गेली. गार वारा येतो म्हणून खिडकीच्या पट्ट्यांमध्ये आम्हीच वर्तमानपत्र खोचून ठेवलं होतं. दहा-बारा मिनिटांनी आतून बादली आपटल्याचा आवाज आला. हाका मारल्या, उत्तर नाही. भावाने खांद्याने कडी तोडली, तर ती भिंतीला टेकून बसलेली, डोळे उघडे आणि ओळख शून्य.

"पहाटेपासून पोटात काही नाही, वर एवढी दगदग," हे निदान घरात दोन मिनिटांत झालं. कुणी कांदा फोडून आणला, कुणी साखरपाणी. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र दोनच प्रश्न विचारले. "गिझर गॅसचा आहे का?" आणि "या कितव्या नंबरला अंघोळीला गेल्या होत्या?"

दुसऱ्या दिवशी आम्ही मेकॅनिकला बोलावलं. त्याने नळीच्या प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा आला नाही. "गिझर एकदम ओके आहे, काकू," म्हणाला आणि गेला. त्याचं चुकलं नव्हतं. गॅस खरंच गळत नव्हता. सगळी गोम तिथेच आहे.

आधी हा घोळ डोक्यातून काढा

अशा बातम्यांना "गॅसगळतीने मृत्यू" असा मथळा पडतो. वाचणारा उठतो, रेग्युलेटर हुंगतो, नळी बदलतो आणि निश्चिंत होतो. पण स्वयंपाकाचा गॅस गळला तर वास येतो, कारण तो यावा म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र रसायन मुद्दाम मिसळलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये नसतोच. तो ज्योतीत तयार होतो. गॅस, कोळसा, लाकूड, पेट्रोल, डिझेल, जे काही जळतं त्याला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही की ते अर्धवट जळतं आणि हा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. हवेपेक्षा तो किंचित हलका असतो, त्यामुळे जमिनीलगत साचून न राहता खोलीभर मिसळतो.

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा याला सुमारे २०० ते २५० पट घट्ट धरून ठेवतं. फुप्फुसं चालू, श्वास चालू, पण रक्ताच्या गाडीत सगळ्या जागा भलत्याच प्रवाशांनी अडवलेल्या. हवेत त्याचं प्रमाण अवघं ०.३२ टक्के झालं, तरी पाच-दहा मिनिटांत गरगरायला लागतं आणि अर्ध्या तासात जीव जाऊ शकतो.

पहिलं काम: घरभर एक फेरी

कागद-पेन घ्या आणि घरात, गच्चीवर, गोठ्यात, गाडीत जिथे जिथे काही जळतं त्याची यादी करा. गॅसचा गिझर, शेगडी, बंब, चूल, जनरेटर, गाडीचं इंजिन, कोळशाची इस्त्री. प्रत्येकापुढे दोन प्रश्न लिहा: याला हवा कुठून येते? आणि याचा धूर कुठे जातो? "खोलीतून" आणि "खोलीतच" अशी उत्तरं ज्याच्यापुढे येतील, तिथे आजच हात घालायचा. विजेचा गिझर, इंडक्शन, हीटरचा रॉड या यादीत येत नाहीत. त्यांचे धोके वेगळे. हा वायू ते तयार करत नाहीत.

बाथरूम

सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा, कारण महाराष्ट्रातल्या शहरी घरांत खरी भानगड इथे आहे.

हिशोब करून पाहू. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गॅस गिझर मिनिटाला साधारण १६ ग्रॅम गॅस जाळतो. तेवढा गॅस नीट जळायला २०० लिटरच्या वर हवा लागते. पाच फूट बाय सात फूट, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते सुमारे ८००० लिटर. म्हणजे दार-खिडकी बंद ठेवून वीस मिनिटं गिझर चालला, तर निम्म्या खोलीतल्या हवेचा प्राणवायू त्याने खाल्ला. आणि प्राणवायू पूर्ण संपेपर्यंत काही थांबावं लागत नाही. नेहमीचा २१ टक्क्यांचा आकडा दोन-तीन टक्क्यांनी घसरला की ज्योत बिघडायला लागते. छोट्या घरगुती गिझरना धुराडं नसतं. जे तयार होतं ते तिथेच, तुमच्या नाकासमोर.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, "आम्ही दहा वर्षं वापरतोय, काही झालं नाही" या वाक्याला अर्थ नाही. एरवी दोन माणसं अंघोळ करतात, मध्ये दार उघडं राहतं. दिवाळीला, लग्नघरात, पाहुणे आले की एकामागोमाग एक नंबर लागतात आणि प्रत्येक जण मागच्याच्या हवेत शिरतो. दुसरी गोष्ट, शेवटी कोण जातं? आपल्याकडे बहुतेक घरातली बाई. ती अंघोळीबरोबर दोन कपडे घासून पिळूनही घेते, म्हणजे आणखी दहा मिनिटं. डॉक्टरांनी नंबर का विचारला, ते मला असं उशिरा कळलं.

आता करायचं काय?

गिझर बाथरूमच्या बाहेर काढा. ड्राय बाल्कनी, उघडी गॅलरी, डक्टची बाहेरची भिंत, यांपैकी जिथे मोकळी हवा आहे तिथे तो लावून गरम पाण्याची लाइन भिंतीतून आत घ्या. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. ड्राय बाल्कनीला काचेच्या सरकत्या खिडक्या लावून ती बंद केली असेल, तर ती बाल्कनी उरली नाही, दुसरी बाथरूम झाली. तिथे कायम उघडी राहणारी जाळी हवीच. गिझर स्वयंपाकघरात हलवून बाथरूमच्या दारावर लटकवणं हाही उपाय नव्हे.

नवा घेत असाल तर आयएसआय शिक्का बघा आणि सोबतचं पुस्तक फेकू नका. हवेशीर जागा हवी आणि बाथरूममध्ये लावू नये, अशी सूचना त्यात असते. लावायला येणारा माणूस "सगळे आतच लावतात हो" म्हणतो, तेव्हा ते पान त्याच्यापुढे धरता येतं. ज्योत विझली की गॅस तोडणारी सोय बहुतेक गिझरमध्ये असते; तिचा इथे उपयोग नाही, कारण आपली ज्योत विझत नाही, ती वाईट जळते. वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर बरा. पण लगेच पुन्हा नळ सोडला की तो पुन्हा मोजायला लागतो.

एक्झॉस्ट पंख्यावर फार भिस्त ठेवू नका. हवा आत यायला जागा नसेल तर पंखा काढणार काय? दाराच्या खाली दोन-तीन इंच फट किंवा खालच्या भागात जाळी आणि वर उघडी खिडकी, अशी जोडी लागते.

भाड्याचं घर आहे, मालक भिंत फोडू देत नाही, असं असेल तर गिझर हलेपर्यंत एक शिस्त पाळा: दार उघडं ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, दोन मिनिटं हवा खेळू द्या, मग आत जाऊन कडी लावा. शॉवर बंद. पोरांना हे कमीपणाचं वाटतं, वाटू दे.

ज्योतीकडेही नजर असू द्या. निळी, आखूड, स्थिर असेल तर ठीक. पिवळी, लांब, फडफडणारी किंवा वर काजळी धरणारी असेल तर बर्नरमध्ये धूळ-जाळी अडकली आहे. वर्षातून एकदा, शक्यतो थंडीच्या आधी, उघडून साफ करून घ्या. पण निळी ज्योत म्हणजे अभयदान नाही. आमची निळीच होती.

आणि कडी. बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल असं लॅच मिळतं. ते बसवा.

शेगडी आणि बाळंतिणीची खोली

कोळशाच्या बाबतीत पिढ्यान्पिढ्यांचा एक समज आहे: अंगणात शेगडी पेटवायची, धूर निघून गेला, निखारे लाल झाले की आत आणायची. धुराने डोळे झोंबत नाहीत एवढंच त्याने साधतं. लालबुंद, बिनधुराचा निखाराच हा वायू भरपूर सोडतो, आणि राख धरून मंद झालेला तर जास्तच. धूर निदान माणसाला खोलीबाहेर काढतो. निखारा झोपवतो.

यात सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे बाळंतिणीची खोली. वाऱ्याची झुळूक नको म्हणून खिडक्या लावलेल्या, दाराला पडदा, खाटेखाली शेगडी, वर ओवा-बाळंतशेपाची धुरी. शेक देऊ नका असं म्हणून आजी ऐकणार नाही, मला माहीत आहे. म्हणून भांडण न करता अदलाबदल सुचवा: शेक गरम पाण्याच्या पिशवीने द्या, खोली विजेच्या हीटरने ऊबदार करा. धुरी द्यायचीच असेल तर दार उघडं ठेवून, कुणीतरी जागं बसून, दहा मिनिटांत शेगडी बाहेर. झोपताना खोलीत निखारा नको, यावर मात्र तडजोड नको. पोटुशी बाई घरात असेल तर आणखी जपा. गर्भाच्या रक्तात हा वायू आईपेक्षा जास्त साचतो आणि उशिरा निघतो. आई सावरलेली दिसते तेव्हाही बाळ धोक्यात असू शकतं.

विहीर, जनरेटर

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की गावोगाव विहिरीतला गाळ काढायचं काम निघतं. काठावरचं इंजिन पंचवीसेक फुटांच्या खालचं पाणी ओढू शकत नाही, म्हणून तेच दोरखंडाने आत सोडतात आणि चालू करतात. चारी बाजूंनी भिंत, वर तेवढं तोंड. इंजिनाचा धूर तिथेच भरून राहतो. एक उतरतो, तो बोलेना म्हणून दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. इंजिन विहिरीत उतरवायचंच नाही. पाण्यात बुडणारी विजेची मोटर वापरा.

विहिरीत आधी कंदील सोडून बघायची जुनी रीत चांगली आहे, पण ती काय सांगते ते समजून घ्या. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे. कार्बन मोनॉक्साइडने कंदील विझत नाही. माणूस पडेल एवढा वायू असताना दिवा मजेत तेवत राहील.

जनरेटरचंही तेच. गाळा बंद, शटर अर्धं खाली, जिन्याखाली जनरेटर, हे दृश्य कुठल्याही बाजारपेठेत दिसतं. तो उघड्यावर हवा, दार-खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब, आणि सायलेन्सरचं तोंड इमारतीकडे नको. "खिडकी उघडी आहे की" हे जनरेटरला पुरत नाही.

गाडी आणि सहल

लांबच्या प्रवासात ढाब्याबाहेर काचा लावून, एसी चालू ठेवून डुलकी काढायची सवय मोडा. नव्या गाड्यांतून हा वायू कमी निघतो हे खरं, पण इंजिन थंड असताना, सायलेन्सरला भोक पडलं असताना, किंवा मागे भिंत, चिखल वा गवत असताना ते गणित चुकतं. झोपायचंच तर इंजिन बंद, काचा चार बोटं खाली. डिकी उघडी ठेवून सामान नेऊ नका. चालत्या गाडीत मागचा धूर आत खेचला जातो. बंद गॅरेजमध्ये गाडी तापवत ठेवू नका. सर्व्हिसिंगला दिली की सायलेन्सरचा पाइप बघायला सांगा. मेकॅनिक तो आवाज झाल्याशिवाय बघत नाहीत.

पवनेच्या काठी किंवा भंडारदऱ्याला तंबूत राहणाऱ्यांनी एवढंच करावं: बार्बेक्यू झाल्यावर उरलेली शेगडी ऊब म्हणून तंबूत घेऊ नये. विझल्यासारखी दिसते, विझलेली नसते. हिमाचल, काश्मीर, नेपाळला जाणाऱ्यांनी खोली घेताना हीटर कशावर चालतो ते विचारावं. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळहून आलेले आठ पर्यटक, त्यांत लहान मुलंही, हॉटेलच्या एकाच खोलीत गेले. खोलीत गॅसचा हीटर होता आणि दारं-खिडक्या आतून बंद.

अलार्म घ्यावा का?

घ्यावा. पण दुकानात "गॅस डिटेक्टर" मागितलात तर स्वयंपाकाच्या गॅसचा हाती पडेल. तो वेगळा. सिलिंडरच्या गॅसचा असेल तर तो जमिनीलगत लावतात, कारण तो गॅस हवेपेक्षा जड असतो. धुराचा अलार्मही वेगळा. खोक्यावर कार्बन मोनॉक्साइड असं स्पष्ट लिहिलेलं आणि ईएन ५०२९१ किंवा यूएल २०३४ हे मानक छापलेलं बघा. उत्पादनाची तारीख बघा. आतला सेन्सर पाच ते दहा वर्षांत संपतो, बॅटरी बदलून उपयोग नसतो. टेस्टचं बटण भोंगा वाजतो की नाही एवढंच सांगतं.

लावायचा झोपायच्या खोलीत किंवा बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये, साधारण श्वासाच्या उंचीवर. बाथरूमच्या आत वाफेने तो खराब होतो. आणि अलार्म आहे म्हणून गिझर आत ठेवायचा, असा सौदा करू नका: ईएन मानकाचा अलार्म दहा लाखांत ५० भाग वायू असेल तर तासाभराने वाजतो, १०० भागांना दहा ते चाळीस मिनिटांनी, ३०० ला तीन मिनिटांच्या आत.

परदेशात मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी: भिंतीवरचा तो पांढरा डबा उदबत्तीने ओरडतो म्हणून काढून ठेवू नका. मिनिटाला एखादी टिवटिव म्हणजे बॅटरी संपली. अमेरिकेत लागोपाठ चार बीप, थोडं थांबून पुन्हा चार, असं वाजलं तर पायात जे येईल ते घालून घराबाहेर.

ओळखायचं कसं

डोकं जड होणं, कपाळ ठणकणं, मळमळ, गरगरणं, पायांतलं त्राण जाणं. सगळं पित्तासारखं, उपासासारखं किंवा ताप नसलेल्या फ्लूसारखं. म्हणून लक्षणांपेक्षा जागा आणि वेळ बघा. अंघोळीनंतरच डोकं दुखतं? बाहेर गेलं की बरं वाटतं? घरात एकाच वेळी दोघांना होतंय? मांजरही सुस्त पडलंय? बाथरूममध्ये अचानक आकडी आली तर फेफरं समजून वर्षानुवर्षं गोळ्या सुरू होण्याआधी गिझरचा विषय डॉक्टरांपुढे काढा. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी याला "गॅस गिझर सिंड्रोम" असं नावच दिलं आहे.

माणूस पडलं तर

१. दार सताड उघडा. एक श्वास बाहेर भरून घ्या आणि तो रोखूनच आत शिरा. दम पुरला नाही तर बाहेर या, पुन्हा जा. विहिरीत मात्र कुणीही उतरायचं नाही. अग्निशमन दलाला, १०१ ला फोन.

२. माणसाला धरून बाहेर मोकळ्या हवेत ओढा. कपड्यांचा विचार नंतर. चादर टाकता येते.

३. गिझर आणि सिलिंडर बंद करा, खिडक्या उघडा. स्वयंपाकाच्या गॅसचाही वास येत असेल तर विजेच्या बटणाला हात नको.

४. १०८ किंवा ११२. दरम्यान श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा. श्वास नसेल, तर छातीवर दाब द्यायला लगेच सुरुवात करा.

५. कांदा, चप्पल, साखरपाणी, तोंडात चमचा, यातलं काही नको. आम्ही यातल्या दोन गोष्टी केल्या होत्या.

माणूस पाच मिनिटांत उठून बसलं, "मला काही झालं नाही" म्हणालं, तरी दवाखान्यात न्या. आणि घरात त्या वेळी असलेल्या बाकीच्यांनाही तपासून घ्या.

दवाखान्यात काय सांगायचं

कोविडपासून घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. तो इथे फसवतो. हिमोग्लोबिनवर प्राणवायू बसलाय की हा वायू, हे त्याला ओळखता येत नाही. तो आरामात ९८ दाखवतो. वहिनीच्या बोटालाही आम्ही गाडीत लावला होता. ९९ बघून सगळ्यांना हायसं वाटलं.

म्हणून आत शिरतानाच सांगा: "बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता, कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे." रक्तात कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू धरून बसलेलं हिमोग्लोबिन, किती आहे ते तपासायची विनंती करा. उपचार म्हणजे मास्कने जास्तीत जास्त ऑक्सिजन, आणि तो लवकर. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर एक ते दीड तास. गंभीर रुग्णाला किंवा गरोदर बाईला जास्त दाबाच्या ऑक्सिजनच्या कक्षात ठेवायचं का, ते डॉक्टर ठरवतील. रक्त उशिरा घेतलं, त्याआधी ऑक्सिजन देऊन झाला असेल, तर आकडा कमी येतो. तेवढ्यावरून "काही नव्हतं" असं समजू नका.

घरी आल्यावर महिना-दीड महिना लक्ष ठेवा. काही जणांना बरं वाटून आठवडे उलटल्यावर विसराळूपणा, चिडचिड, चालताना तोल जाणं असं सुरू होतं. वहिनी तिसऱ्या आठवड्यात एकदा दूध गॅसवर ठेवून विसरली. आधी कधी विसरली नव्हती असं नाही, पण आम्ही फोन उचलला आणि डॉक्टरांची वेळ घेतली. तपासून त्यांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं. तोवर गिझर ड्राय बाल्कनीत गेला होता आणि खिडकीतलं वर्तमानपत्र रद्दीत.